कराची किती लांब?

जेवणं आटोपली असतील. भांडी राहिली असतील तर ती होऊ द्या, रेडिओ तेवढा मोरीजवळ आणून ठेवा.

आज मी ज्या प्रश्नाबद्दल बोलणार आहे तो माझा नाही. डहाणूच्या किनारपट्टीवरच्या एका गटात मी महिन्याच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वह्या लिहून झाल्या, सगळ्या उठायच्या बेतात होत्या. तेवढ्यात एक वहिनी, ज्या एरवी बैठकीत तोंड उघडत नाहीत, म्हणाल्या, "ताई, कराची किती लांब आहे हो?"

सगळ्या गप्प झाल्या. कारण सगळ्यांना माहीत होतं. वहिनींचे यजमान ओख्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेले होते. आपल्याकडे पाऊस सरला की मालकाकडून उचल घ्यायची आणि ओखा, पोरबंदर, वेरावळला बोटीवर जायचं, हे घरोघर आहे. ती बोट पाकिस्तानच्या गस्तीवाल्यांनी धरली आणि माणसं कराचीच्या तुरुंगात गेली.

मी म्हटलं, "लांब आहे वहिनी, दुसरा देश आहे."

"दुसरा देश ते कळलं. पण किती लांब? नागपूरएवढं? दिल्लीएवढं?"

मैत्रिणींनो, मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. फाळणीवर दहा मार्कांची उत्तरं लिहिली. पण कराची किती लांब, हे मला सांगता येईना. घरी येऊन मुलाचा भूगोलाचा नकाशा काढला, फोनवर पाहिलं, आणि मग जुनी पुस्तकंही काढून बसले. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगते.

मुंबईहून कराची सरळ रेषेत सुमारे पावणेनऊशे किलोमीटर आहे. मुंबई ते नागपूर समृद्धी महामार्ग सातशे एक किलोमीटरचा आहे, म्हणजे त्याहून थोडं पुढे. आणि दिल्ली? ती हवेतल्या सरळ मापाने साडेअकराशे. म्हणजे आपली राजधानी मुंबईला जितकी लांब आहे, त्यापेक्षा कराची पावणेतीनशे किलोमीटर जवळ आहे. डहाणूहून मोजलं तर कराची फक्त आठशेच्या आसपास भरतं.

विमानाला हे अंतर तोडायला दीड ते पावणेदोन तास लागतात. गंमत म्हणजे पाकिस्तानचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे आहे. इथून दहाला निघालेलं विमान पावणेबाराला पोचलं, तर तिथल्या भिंतीवर सव्वाअकराच वाजलेले असतात.

पुढच्या बैठकीत मी हे सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "दीड तास? डहाणूहून चर्चगेटला जायला त्याहून जास्त लागतात." मग त्यांनी विचारलं, "मग त्या विमानाने जातं का कुणी?"

आता खरी गोष्ट इथून सुरू होते.

नव्वद वर्षांपूर्वी मुंबई आणि कराची ही एकाच प्रांतातली दोन शहरं होती, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? १८४३ साली इंग्रजांनी सिंध जिंकला. १८४७ साली त्यांनी तो मुंबई इलाख्याला जोडून टाकला. तेव्हापासून १९३६ सालच्या १ एप्रिलपर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं, कराचीचा कारभार मुंबईहून चालला. आज आपण मंत्रालयात कागद अडकला म्हणतो ना, तसे कराचीवाल्यांचेही कागद मुंबईत अडकत असणार. सिंधमधली मुलं मॅट्रिकची परीक्षा द्यायची ती मुंबई विद्यापीठाची. मुंबईत एल्फिन्स्टन या नावाने रस्ता, कॉलेज आणि स्टेशन होतं, तसा कराचीतही एल्फिन्स्टन रस्ता होता. कराचीत बॉम्बे बाजार आहे आणि मुंबईत मिठाईच्या दुकानात कराची हलवा मिळतो. चिकट, रंगीत, तुपाने चकचकणारा. लग्नाच्या रुखवतात ठेवलेला पाहिला असेल तुम्ही.

इलाखा एक असल्यामुळे आपली मराठी माणसं नोकरीला तिकडे जात. कुणी कारकून, कुणी मास्तर, कुणी रेल्वेत. यातलं एक नाव मुद्दाम लक्षात ठेवा. नारायण जगन्नाथ वैद्य. हे सिंधमध्ये शिक्षण खात्यात अधिकारी होते. १८५५ साली कराचीत पहिली सरकारी शाळा निघाली, ती पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. देश वेगळे झाले, रस्त्यांची नावं बदलली, पण या शाळेचं नाव तसंच राहिलं. आजही कराचीत एन.जे.व्ही. शाळा आहे आणि त्यातला 'व्ही' म्हणजे वैद्य. आपल्या एका मराठी मास्तरांचं नाव तिथली मुलं रोज पाटीवर वाचतात. कराचीत अजूनही थोडी मराठी कुटुंबं आहेत आणि ती गणपती बसवतात. हे मी वाचलं तेव्हा मला उगीचच भरून आलं. आपण शेजारच्या तालुक्यातल्या बाईला परकी समजतो, म्हणून असेल.

आता जायचं कसं, ते पाहू. नकाशात मुंबईपासून किनाऱ्याने वर वर गेलात की गुजरात, मग सौराष्ट्र, मग कच्छ. कच्छच्या वर रण आहे, मीठ आणि चिखल यांचं मोकळं रान. पावसात तिथे पाणी भरतं. त्यामुळे मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने सरळ कराचीला जाणारी आगगाडी कधी झालीच नाही. रुळांनी जायचं तर अहमदाबाद, तिथून वर मारवाड, मग राजस्थानचं वाळवंट ओलांडून सिंधमधलं हैदराबाद, आणि तिथून कराची, असा मोठा वळसा. गाड्या बदला, डब्यात वाळू खा. म्हणून शहाणा माणूस बोटीने जायचा. मुंबईच्या धक्क्यावर आगबोटीत बसायचं आणि साधारण दोन दिवसांत कराचीच्या धक्क्यावर उतरायचं. सिंध मुंबईपासून तोडून वेगळा प्रांत करा, ही मागणी पुढे जोरात आली, तेव्हा त्यातला एक मुद्दा हाच होता की मुंबई आम्हाला लांब पडते, मधे जमिनीचा सांधा नाही.

आणि मग विमान आलं.

१९२९ साली लंडन ते कराची अशी इंग्रजांची विमानसेवा सुरू झाली. लंडनची पत्रं आठवडाभरात कराचीला येऊन पडू लागली. पण कराचीहून पुढे मुंबई-मद्रासकडे ती पुन्हा त्याच आगगाडीच्या वळशाने जायची. सातासमुद्रापलीकडून झपाट्याने आलेलं पत्र घराच्या उंबऱ्याशी येऊन रखडायचं. हे दुखणं ओळखलं नेव्हिल विन्सेंट नावाच्या एका वैमानिकाने आणि आपल्या जे.आर.डी. टाटांनी. दोघांनी मिळून कराचीहून अहमदाबाद, मुंबई, बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपालाचं विमान न्यायचं ठरवलं.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमाराला अठ्ठावीस वर्षांचे जे.आर.डी. कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून निघाले. विमानाचं नाव पस मॉथ. एकच इंजिन. तासाला शंभर मैल, म्हणजे एकशेसाठ किलोमीटर वेग. आज एक्सप्रेस वेवर काही गाड्या याहून जोरात जातात, आणि जाऊ नये तरी जातात. विमानात वायरलेस नव्हता. खाली नदी, रूळ, किनारा पाहत वाट काढायची. सोबत पंचवीस किलो टपाल.

अहमदाबादला ते पेट्रोलसाठी उतरले. पेट्रोल कशातून आलं असेल? बैलगाडीतून! चार-चार गॅलनचे डबे बैलगाडीत घालून विमानापाशी आणले आणि ओतले. मला हे चित्र फार आवडतं. बैलांनी आणलेल्या तेलावर देशातल्या विमानसेवेचं पहिलं उड्डाण पुरं झालं. दुपारी पावणेदोनच्या सुमाराला ते मुंबईत जुहूला उतरले. म्हणजे अहमदाबादचा वळसा आणि थांबा धरून सव्वासात तासांत कराची ते मुंबई. जुहूचं तेव्हाचं मैदान म्हणजे समुद्राकाठची मऊ जमीन. पावसाळ्यात तिथे पाणीच पाणी व्हायचं आणि विमानांना पुण्याला बिऱ्हाड हलवावं लागायचं. या टपालाच्या विमानातूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली.

टपालाच्या विमानाचाच विषय आहे तर एका बाईची आठवण करायला हवी. सरला ठकराल. लग्न सोळाव्या वर्षी झालेलं. त्यांचे पती कराची-लाहोरचं टपालाचं विमान चालवायचे. सासरच्यांनी अडवलं नाही, उलट शिक म्हणाले. १९३६ साली, पदरात लहान मुलगी असताना, साडी नेसून त्या एकट्या विमान घेऊन आकाशात गेल्या आणि परवाना मिळवला. नव्वद वर्षं होत आली त्याला. आपल्यात अजून स्कूटी शिकायची म्हटलं तर घरात दोन दिवस अबोला असतो.

तर मुंबई-कराची अंतर असं कमी कमी होत आलं. बोटीने दोन दिवस, विमानाने सव्वासात तास, आणि विमानं मोठी झाली तसं आणखी कमी. पुढे हे आणखी सोपं होईल असंच सगळ्यांना वाटत असणार.

१९४७ साली फाळणी झाली. कराची पाकिस्तानची राजधानी झाली. सुरुवातीला तिथले सिंधी हिंदू थांबून होते. पण भीती वाढत गेली, १९४८ च्या जानेवारीत कराचीत मोठा दंगा झाला, आणि मग धक्क्यावर रांगा लागल्या. ज्या आगबोटींनी कालपर्यंत व्यापारी आणि कारकून ये-जा करायचे, त्याच बोटींनी घरदार सोडलेली माणसं मुंबईला आणि गुजरातच्या बंदरांना उतरू लागली. कल्याणजवळ लष्कराच्या रिकाम्या बराकी होत्या. त्यांत या लोकांना ठेवलं. १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर नाव मिळालं. ज्यांची कराचीत मोठी घरं होती त्यांनी बराकीत गोणपाटाचा पडदा लावून संसार मांडला. सिंधी बायकांनी पापड लाटले, लोणची घातली, आणि पुरुषांनी ती लोकलच्या गाडीत विकली. आपण गटात पापडाचा उद्योग सुरू करतो तेव्हा मार्केटिंग शिकवायला बाहेरून माणूस बोलावतो. त्या बायकांना कुणी शिकवलं नव्हतं. चूल पेटायची होती, एवढंच.

तरीसुद्धा, मैत्रिणींनो, त्या वेळी वाट पूर्ण बंद झाली नव्हती. फाळणीनंतरही बरीच वर्षं मुंबई-कराची बोटी चालत होत्या. बहीण इकडे, भाऊ तिकडे, अशी हजारो घरं होती. बोटीत बसून माणसं लग्नाला, मयताला जाऊन यायची. १९६५ चं युद्ध झालं आणि बोटी थांबल्या. राजस्थानातून वाळवंट ओलांडून जाणारी आगगाडीही तेव्हाच थांबली.

मग १९७१. या युद्धातली एक गोष्ट मी प्रत्येक गटात सांगते. मुंबई-कराचीच्या वाटेवरच भूज आहे, कच्छमध्ये. कराचीपासून जेमतेम तीनशे किलोमीटर, म्हणजे लढाऊ विमानाला काही मिनिटांचा रस्ता. डिसेंबरमध्ये पाकिस्तानी विमानांनी भूजची धावपट्टी बॉम्ब टाकून फोडून टाकली. तिथले प्रमुख अधिकारी विजय कर्णिक, आपले मराठी. धावपट्टी दुरुस्त करायला माणसं कमी. तेव्हा शेजारच्या माधापर गावातून सुमारे तीनशे बायका आल्या. खड्डे भरले, माल वाहिला, थर दिले. भोंगा वाजला की पळत जाऊन झुडपात लपायचं, विमान गेलं की पुन्हा कामाला. वरून दिसू नये म्हणून हिरवट साड्या नेसल्या होत्या आणि धावपट्टीवर शेण सारवलं होतं. बहात्तर तासांत धावपट्टी विमान उतरण्याजोगी झाली. सरकारने गावाला पन्नास हजार रुपये बक्षीस दिलं, ते या बायकांनी आपसात वाटून न घेता गावाच्या सभागृहाला लावले. अंगण सारवणारा हात किती कामाचा असतो, हे आम्हाला इतिहासाच्या पुस्तकात कुणी शिकवलं नाही.

त्या युद्धात विमानंही बंद पडली. १९७६ साली पुन्हा सुरू झाली. वाळवंटातली आगगाडी तर चाळीस वर्षं बंद होती, ती २००६ साली जोधपूरहून 'थार एक्सप्रेस' म्हणून परत धावली. संसदेवर हल्ला झाला आणि १ जानेवारी २००२ पासून विमानं पुन्हा बंद झाली, ती बरोबर दोन वर्षांनी, १ जानेवारी २००४ ला उघडली. आमच्या घराजवळच्या रेल्वे फाटकासारखं चाललं होतं. कधी उघडेल आणि कधी पडेल, कुणाला सांगता येत नसे.

या सगळ्याच्या मधे १९८२ साल आहे. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे.आर.डी. पुन्हा कराचीला गेले आणि तसल्याच छोट्या जुन्या विमानात एकटे बसून मुंबईला आले. दोन युद्धं होऊन गेली होती, तरी ते त्या वर्षी जमलं. पुढे २०२१ साली आरोही पंडित या आपल्या तरुण वैमानिक मुलीने जे.आर.डीं.ची आठवण म्हणून तोच प्रवास छोट्या विमानातून केला. छोट्या विमानातून एकटीने अटलांटिक समुद्र ओलांडलेली मुलगी आहे ती. पण ती कराचीहून निघाली नाही. निघाली भूजहून, माधापरच्या बायकांनी उभ्या केलेल्या त्याच जागेवरून. अटलांटिक ओलांडता येतो, पण कराचीहून जुहूला येता येत नाही.

२००८ सालाबद्दलही बोलायला हवं, नाहीतर ही गोष्ट गोड गोड होईल. त्या नोव्हेंबरात दहा हत्यारबंद माणसं याच समुद्रवाटेने कराचीहून मुंबईला आली. वाटेत त्यांनी पोरबंदरची 'कुबेर' नावाची मासेमारी बोट पकडली. तिच्यावरचे खलाशी मारले. तांडेलाला मुंबईजवळ येईपर्यंत जिवंत ठेवला, वाट दाखवायला, आणि मग त्याचाही गळा कापला. मुंबईत एकशे सहासष्ट माणसं गेली. त्या यादीआधी, समुद्रात, पहिले गेले ते आपल्यासारख्यांच्या घरचे खलाशी. कुलाब्याच्या मच्छीमार कॉलनीत उतरताना त्यांना पाहिलं तेही तिथल्याच एका बाईने. त्यानंतर समुद्रावर पहारा वाढला, बोटींची कागदपत्रं वाढली. ते व्हायलाच हवं होतं. मी काही भाबडेपणाने बोलत नाही.

मुंबई-कराची विमान त्यानंतरही पाकिस्तानची कंपनी काही वर्षं चालवत होती. २०१७ च्या मे महिन्यात तेही थांबलं. थार एक्सप्रेस २०१९ च्या ऑगस्टमध्ये थांबली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला हल्ला झाला, त्यानंतर व्हिसा रद्द झाले, अटारीचा रस्ता बंद झाला आणि दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशसुद्धा बंद केलं.

तर वहिनींच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की त्या दीड तासाच्या विमानाने कुणीच जात नाही, कारण ते विमानच नाही. अगदी सगळे कागद हातात असलेल्या माणसालाही मुंबईहून आधी दुबईला जावं लागतं, म्हणजे एकोणीसशे किलोमीटर. मग दुबईहून उलटं कराचीला, आणखी बाराशे. पावणेनऊशेच्या जागी एकतीसशे किलोमीटर. मधलं थांबणं धरून अर्धा दिवस जातो. १९३२ साली बैलगाडीतलं पेट्रोल घेऊनही याहून लवकर पोचत होते.

आणि आपला खलाशी सुटतो तेव्हा कोणत्या वाटेने येतो? समुद्राने, आला तसा आठशे किलोमीटर नाही येत. कराचीच्या मालीर तुरुंगातून त्याला आधी लाहोरला नेतात, ते बाराशे किलोमीटर उत्तरेला. तिथून वाघा-अटारीची हद्द पायी ओलांडायची, मग अमृतसर, आणि तिथून आगगाडीने खाली. गुजरातच्या तुरुंगातून सुटणाऱ्या पाकिस्तानी कोळ्यालाही असंच अमृतसरपर्यंत वर नेऊन सोडतात. कराचीच्या कडेला इब्राहिम हैदरी म्हणून मच्छीमारांची मोठी वस्ती आहे. तिथेही आपल्या वहिनींसारख्या बाया बसलेल्या असतात आणि त्यांचे नवरे आपल्याकडे कोंडलेले असतात.

ही माणसं धरली का जातात, तेही थोडक्यात सांगते. कच्छच्या टोकाला सर क्रीक नावाची खाडी आहे. तिच्यातून हद्द कुठून जाते यावर दोन देशांचं आजवर जमलेलं नाही. खाडीतच जमत नाही, म्हणून तिच्यापुढे समुद्रातली रेघही ठरलेली नाही. मासा त्या बाजूला चांगला लागतो. रात्री वारं आणि ओढ असते, जाळं सोडलेलं असतं. आणि बोट किती पुढे न्यायची हे ठरवतो मालक आणि तांडेल. डहाणू-तलासरीहून गेलेल्या खलाशाला ते कुणी विचारत नाही. तुरुंगात मात्र तोही जातो.

दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. तसा २००८ साली करार झालेला आहे. त्या यादीत मच्छीमार वेगळे दाखवलेले असतात. पण यादीत नाव आलं म्हणजे सुटका झाली असं नाही. शिक्षा संपली तरी हा माणूस भारताचाच आहे, हे आपल्या सरकारने तपासून कळवावं लागतं. म्हणजे पोलीस गावात येतात, घर विचारतात, कागद मागतात. इथेच आपलं अडतं. वहिनींकडे यजमानांच्या आधारची झेरॉक्स नव्हती. मूळ आधार ते सोबत घेऊन गेलेले. बोटीचं नाव माहीत होतं, नंबर नाही. मालकाचा फोन लागत नव्हता. रेशनकार्डावर नावात एका अक्षराचा फरक. तो एक कागद जुळवायला आम्हा दोघींना तीन आठवडे तहसील आणि पोलीस ठाण्याच्या चकरा माराव्या लागल्या. दीड तासावरच्या माणसासाठी.

मागच्या महिन्यात वहिनींना यजमानांचं पत्र आलं. वरची तारीख पाहिली तर पाच महिन्यांपूर्वीची. त्यात लिहिलं होतं की पाऊस लागायच्या आत घरावरची कौलं परतून घे. पाऊस येऊन गेला होता. वहिनींनी ते पत्र मला वाचायला लावलं, मग म्हणाल्या, "कौलं मी गटाच्या कर्जातून मे महिन्यातच परतली. त्यांना कसं कळवायचं?" आम्ही उत्तर लिहिलं. कौलांचं पहिल्या ओळीत लिहिलं.

आता नारळी पौर्णिमा झाली की आपल्याकडची माणसं पुन्हा निघतील. म्हणून किनारपट्टीच्या सगळ्या गटांना माझं सांगणं आहे की या वेळच्या बैठकीत हप्त्याच्या वहीसोबत एक वेगळी वही ठेवा. जिच्या घरचा माणूस बोटीवर जाणार आहे तिने तो निघायच्या आधी एवढं आणून द्यावं: त्याच्या आधारच्या दोन झेरॉक्स, त्यातली एक घरात आणि एक गटाच्या पेटीत, पासपोर्ट साइज फोटो, बोटीचं नाव आणि बोटीवर रंगवलेला पूर्ण नंबर, मालकाचं आणि तांडेलाचं नाव, गाव, फोन, कोणत्या बंदरातून आणि कोणत्या तारखेला निघणार, उचल किती घेतली. रेशनकार्ड आणि आधार यांवरचं नाव एकच आहे ना ते आत्ताच पाहून घ्या, फरक असेल तर माणूस घरी असतानाच दुरुस्त करून घ्या. नंबर नुसता तोंडी ऐकू नका. त्याला बोटीचा फोटो काढून पाठवायला सांगा.

वहिनींच्या गटाची वही लिहून झाली आहे. त्यात चौदा नावं आहेत. दुसऱ्या गटांना नमुना हवा असेल तर ती बघायला मिळेल, बुधवारी अकरानंतर मी ग्रामपंचायतीच्या खोलीत असते.